जुनी डिझेल पिकअप धूर मारते आणि गरम होते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मेकॅनिकल पंप असलेल्या जुन्या डिझेल इंजिनांसाठी आहे, म्हणजे रोटरी किंवा इनलाइन पंप, प्रत्येक सिलिंडरला वेगळा लोखंडी हायप्रेशर पाईप आणि साधं नोझल. कॉमन रेल गाड्यांनाही (ज्यांत सगळ्या नोझल्सना एकाच हायप्रेशर नळीतून डिझेल मिळतं) बराचसा तर्क लागू पडतो. मात्र पाईप सैल करून बघायची जी चाचणी पुढे दिली आहे ती कॉमन रेलवर कधीही करू नये. तिथला दाब हजार बारच्या वर असतो आणि बारीक फवारासुद्धा कातडी भेदून आत शिरतो.

धूर येतोय. सुरुवात कुठून करायची?

पाना हातात घेण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा: धुराचा रंग, त्याचा वास, तो कधी येतो (थंड स्टार्टला, आयडलिंगला, चढावर, की रेस सोडून पुन्हा दिल्यावर) आणि किती वेळ टिकतो. नुसत्या रंगावरून निदान केलं की निम्म्या वेळा चुकीचा पार्ट बदलला जातो. पांढऱ्या धुराची कारणंच दोन वेगळ्या टोकांची आहेत. एकात हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारा प्लग) बदलून काम भागतं, दुसऱ्यात हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवावं लागतं.

त्यानंतर डिपस्टिक आणि थंड इंजिनावर रेडिएटरची पातळी बघा. ऑइल वाढलंय का, पातळ होऊन त्याला डिझेलचा वास येतोय का, कॉफीसारखा दुधाळ रंग आलाय का, पाण्यावर तेलाचा तवंग आहे का? या पाच मिनिटांत पुढची दिशा बहुतेक ठरते.

काळा धूर म्हणजे नोझल खराब, असंच ना?

नाही. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते, एवढंच. म्हणून आधी हवेची बाजू तपासा, कारण ती स्वस्त आहे. एअर फिल्टर काढून गाडी थोडी चालवून बघा. धूळ नसलेल्या रस्त्यावर, अगदी थोडं अंतर, केवळ चाचणीपुरतं. धूर ठळकपणे कमी झाला तर फिल्टर किंवा त्याच्या आधीचा पाईप दोषी. टर्बो असेल तर टर्बोपासून इनटेक मॅनिफोल्डपर्यंतचा प्रत्येक रबरी होज वाकवून बघा. चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला, क्लिपच्या कडेला असते आणि रेस दिल्यावरच उघडते. तिथे तेलकट काळी रेघ दिसली की समजा हवा तिथूनच निघून जाते. इजीआर व्हॉल्व (थोडा जळका वायू परत इनटेकमध्ये सोडणारा) असेल आणि तो उघडा अडकला असेल, तर स्वच्छ हवेच्या जागी जळका वायू आत जातो आणि धूर काळाच निघतो.

हवा ठीक असेल तरच डिझेलच्या बाजूला वळा. नोझल थेंब टाकत असेल तर काळ्या धुरासोबत आयडलिंगला ठोका ऐकू येतो. पंपाचा फ्युएल स्क्रू कोणीतरी ताकद वाढवायला आत फिरवला असेल, तर आयडलिंगला गाडी चांगली वाटते, पण चढावर काळा लोट निघतो आणि गाडी गरमही होते. अशा स्क्रूवरचं शिक्क्याचं सील तुटलेलं असणं ही मोठी खूण आहे.

जुन्या बिनटर्बो इंजिनातून पूर्ण लोडवर हलका करडा धूर येणं नैसर्गिक आहे, आणि उंच घाटावर तो थोडा वाढतोही, कारण हवा विरळ असते. त्यासाठी पंप खोलू नका.

कोणत्या सिलिंडरचं नोझल खराब आहे हे कसं ओळखायचं?

इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा. गॉगल आणि हातमोजे घाला. नोझलवरचा युनियन नट (बऱ्याच इंजिनांत १७ मिमी) फडक्याने झाकून अर्धा आटा सैल करा, म्हणजे त्या सिलिंडरला डिझेल मिळणं बंद होईल. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन लगेच लंगडतं. फारसा फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. आणि नट सैल केल्यावर धूर किंवा ठोका थांबला, तर दोष त्याच सिलिंडरमध्ये आहे.

आता दोन नोझल्सची अदलाबदल करून बघा. दोष नोझलसोबत दुसऱ्या सिलिंडरला गेला तर नोझल खराब. जागेवरच राहिला तर कॉम्प्रेशन, व्हॉल्व किंवा पंपाचा तो प्लंजर तपासायला हवा. प्रत्येक वेळी खालचा तांब्याचा वॉशर नवीन टाका आणि जुना वॉशर भोकात चिकटून राहिला नाही ना ते टॉर्च लावून बघा. दोन वॉशर एकावर एक बसले की नोझल वर राहतं आणि नवा धूर सुरू होतो. टेस्ट बेंचवर प्रीचेंबर इंजिनाचं (ज्यात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारलं जातं) नोझल साधारण १२० ते १५० बारला उघडतं, डायरेक्ट इंजेक्शनचं (ज्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये जातं) बहुधा १८० ते २५० बारला. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. फवारा बारीक आणि सरळ हवा, आणि बंद झाल्यावर टोकाला थेंब लोंबता कामा नये.

पांढरा धूर येतो. डिझेल की पाणी?

वासावरून आणि धूर किती वेळ रेंगाळतो यावरून कळतं. न जळलेल्या डिझेलचा धूर डोळ्यांना झोंबतो, कच्च्या डिझेलचा वास येतो आणि हवेत बराच वेळ तरंगत राहतो. पाण्याची वाफ सायलेन्सरपासून थोड्या अंतरावर विरून जाते आणि कूलंट असेल तर वास गोडसर असतो. सायलेन्सरच्या तोंडापुढे थोडा वेळ पांढरा कागद धरा. डिझेलने तेलकट डाग पडतो, वाफेचा ओलावा वाळून जातो.

थंड सकाळी पहिला मिनिटभर वाफ दिसणं हा दोष नाही. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही वाफ येत राहिली आणि रेडिएटरची पातळी उतरत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय असं धरा.

थंड असताना पांढरा धूर, मिनिटभराने साफ. हीटर प्लग गेलेत का?

बहुधा तेच, आणि तपासणं सोपं आहे. प्लगवरची जोडपट्टी काढा आणि मल्टिमीटरने प्रत्येक प्लगचं टोक ते इंजिन बॉडी असा रोध मोजा. चांगला प्लग थंड असताना १ ओहमच्या आसपास किंवा त्याखाली दाखवतो. मीटर अनंत दाखवत असेल तर प्लग आतून तुटलेला आहे. चारपैकी एक गेला तरी गाडी सुरू होते, पण त्या सिलिंडरचा धूर आणि थरथर जाणवते. सगळे प्लग ठीक असतील तर पट्टीवर १२ व्होल्ट येतात का ते बघा, रिले आणि फ्युजिबल लिंक तपासा. प्लग काढताना इंजिन कोमट असू द्या आणि आदल्या दिवशी आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. टोक तुटून हेडमध्ये राहिलं तर काम कैक पटीने वाढतं.

प्लग चांगले असूनही थंड धूर आणि लांब सेल्फ मारावा लागत असेल, तर पुढचा संशय डिझेल लाईनमध्ये हवा धरल्याचा. टाकी ते पंप या भागात लाईन ओढीखाली असते, त्यामुळे गळती बाहेर दिसत नाही, हवा आत जाते. पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडा. बुडबुडे दिसले की मागे सरकत जा: फिल्टरचा ओ-रिंग, हँड प्रायमर, जुने रबरी पाईप. तरीही दोष सापडला नाही तर इंजेक्शन टायमिंग बघा. टायमिंग बेल्टचा एक दात सरकला तरी पांढरा धूर, उशिरा स्टार्ट आणि पिकअप कमी, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसतात.

निळा धूर कुठून येतो?

इंजिन ऑइल जळतंय. कधी येतो यावरून जागा कळते. रात्रभर उभी राहिल्यावर स्टार्टला एक निळा झोत, किंवा लांब उतारावर रेस सोडून पुन्हा दिल्यावर झोत आला, तर व्हॉल्व सील किंवा गाईड. लोडवर सतत निळा धूर आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी) जोराची वाफ येत असेल, तर रिंग किंवा बोअर. टर्बो गाडी काही मिनिटं आयडलिंगला उभी ठेवल्यावर धूर वाढत गेला, तर टर्बो.

टर्बो बदलण्याआधी त्याची ऑइल रिटर्न नळी काढून आतून बघा. तिथे कार्बन साचला किंवा ती मुडपली, तर ऑइल तुंबतं आणि शाबूत सीलमधूनही बाहेर ढकललं जातं. हे न तपासल्यामुळे नवीन टर्बोही आठवड्याभरात धूर मारू लागतो. शाफ्टला आडवा किंचित खेळ चालतो, पण आतबाहेर हाताला जाणवेल असा खेळ किंवा पाती घासल्याची खूण चालत नाही. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल, तर नुसतं ते कमी करूनही निळा धूर थांबू शकतो.

रिंग गेल्यात का हे इंजिन न खोलता कळेल?

ढोबळ अंदाज असा: गरम इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि उलटं तोंडावर नुसतं ठेवा. ते जागेवर थरथरलं तर काळजी नाही. उडून पडलं किंवा धुरासारखी वाफ धडधडत बाहेर आली, तर ब्लो-बाय (रिंगांच्या कडेने खाली निसटणारा वायू) जास्त आहे. पण आधी ब्रीदर नळी चोंदलेली नाही याची खात्री करा, नाहीतर चांगलं इंजिनही असंच वागतं.

नेमकं उत्तर कॉम्प्रेशन टेस्ट देते. गेज डिझेलचाच हवा. पेट्रोलचा गेज एवढा दाब सोसू शकत नाही. सगळे हीटर प्लग किंवा नोझल्स काढा, पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची (चावीने डिझेल बंद करणारा भाग) वायर काढा, बॅटरी पूर्ण चार्ज ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरला सारखाच वेळ सेल्फ मारा. जुन्या प्रीचेंबर इंजिनांत निरोगी आकडा बहुधा २५ ते ३२ बारच्या दरम्यान येतो. आकड्याइतकाच सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा: एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा ५ बारने खाली असेल तर तिथेच दोष आहे. शेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील, तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट. पेट्रोल इंजिनात करतात तशी तेल घालून चाचणी इथे करू नका. डिझेलची ज्वलनजागा इतकी लहान असते की तेवढं तेलही आकडा फुगवतं, आणि ते पेटू शकतं.

गाडी खरंच गरम होते की काटा खोटं बोलतो?

हा प्रश्न पहिल्यांदाच विचारायला हवा. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅट हाउसिंगचं तापमान मोजा. ८० ते ९५ डिग्री असताना काटा लाल पट्टीत असेल, तर सेंसर, गेज किंवा अर्थिंग बिघडलंय. हेडलाइट लावल्यावर काटा वर सरकतो का तेही बघा. सरकत असेल तर इंजिन-बॉडी अर्थिंगची पट्टी आणि डॅशबोर्डचं अर्थिंग घासून साफ करा.

कधी गरम होते यावरून काय कळतं?

खूप काही. उभी असताना किंवा गर्दीत गरम होते आणि वेगाने धावताना उतरते: हवा कमी पडते, म्हणजे पंखा, फॅन क्लच (पंखा गरजेनुसार जोडणारा भाग), पट्टा, श्राउड (पंख्याभोवतीचं कवच). सपाट रस्त्यावर वेगात किंवा चढावर गरम होते, पण उभी असताना ठीक: रेडिएटर आतून चोंदलेला, वॉटर पंप कमजोर, खालचा होज आत दबतोय, किंवा इंजिन जास्त डिझेल जाळतंय. स्टार्टनंतर काही मिनिटांतच गरम होते: थर्मोस्टॅट बंद अडकलाय, पाणी कमी आहे, किंवा हेड गॅस्केट. गाडी जड ओढते आणि गरमही होते, तेव्हा चाकं उचलून ब्रेक चिकटलेत का आणि क्लच घसरतोय का तेही बघा. या दोन गोष्टी रेडिएटरवाल्याकडे कधीच सापडत नाहीत.

रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंखा, कॅप: एकेक कसं तपासायचं?

कॅपपासून सुरू करा. ती सर्वात स्वस्त आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. कॅपवर दाब छापलेला असतो, बऱ्याच जुन्या गाड्यांत ०.९ बार. या दाबाखाली साधं पाणी साधारण ११८ डिग्रीला उकळतं, आणि निम्मं कूलंट मिसळलं तर सव्वाशेच्या आसपास. रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मऊ पडली की पाणी शंभरलाच उकळून ओव्हरफ्लोमधून निघून जातं आणि सगळे हेड गॅस्केटला दोष देऊ लागतात.

थर्मोस्टॅट बाहेर काढून भांड्यातल्या पाण्यात दोरीने लोंबता ठेवा, तळाला टेकू देऊ नका. त्यावर छापलेल्या तापमानाला (बहुधा ७६ ते ८८ मधलं काही) तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत ८ मिमीच्या आसपास उघडला पाहिजे. बसवताना त्याचं छोटं हवेचं भोक किंवा हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर हवा तिथेच अडकते. थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकणं हा उपाय नाही. इंजिन थंड राहून बोअर झिजतो, धूर वाढतो, आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट बायपासही बंद करतो तिथे गरम पाणी रेडिएटर टाळून परत फिरतं, म्हणजे गाडी उलट जास्त गरम होते.

रेडिएटर गरम असताना इन्फ्रारेडने संपूर्ण जाळीवर फिरा. मध्येच थंड पट्टे सापडले तर त्या नळ्या चोंदलेल्या आहेत. बाहेरून धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, मंद दाबाने. जोराच्या धारेने फिन मुडतात. एसी असेल तर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत साचलेला चिखल आणि किडे समोरून दिसतच नाहीत.

फॅन क्लच: गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने ढकला. सहज भिरभिरत राहिला तर क्लच गेला, अडखळत थांबला तर चालू आहे. क्लचच्या मध्यभागातून तेलाच्या रेघा बाहेर पसरलेल्या दिसल्या तरी तो गेलाच समजा. पट्टा सर्वांत लांब भागात अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिमी दबावा. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून कूलंटचा डाग दिसला, तर पंपाचं सील सुटलं आहे. खालच्या होजकडे रेस देताना बघा. आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर ओढीने होज चपटा होतो आणि पाणी अडतं.

हेड गॅस्केट गेलंय याची पक्की खूण कोणती?

थंड इंजिन, रेडिएटर काठोकाठ भरलेला, कॅप काढलेली. स्टार्ट करा. पहिल्या मिनिटातच, पाणी तापण्याआधी, सतत बुडबुडे येऊ लागले आणि रेस दिल्यावर वाढले, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. आता इंजिन बंद करून कॅप लावा आणि पुन्हा स्टार्ट करा. वरचा होज दोन मिनिटांत दगडासारखा कडक झाला तर पुरावा आणखी भक्कम. थर्मोस्टॅट बदलल्यावर अडकलेली हवाही थोडा वेळ बुडबुडे देते, म्हणून आधी नीट हवा काढून मगच ही चाचणी करा.

निळ्या द्रवाची रासायनिक चाचणीही करता येते (रेडिएटरमधल्या वायूत कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रवाचा रंग बदलतो), पण डिझेल इंजिन आयडलिंगला खूप जास्तीची हवा ओढतं आणि त्याच्या धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो. म्हणून गाडी चढावर चालवून आणल्यावर, रेस देत चाचणी करा. रंग बदलला नाही म्हणजे गॅस्केट चांगलंच, असं धरू नका.

दुधाळ ऑइल दिसलं तर फक्त हेडवर संशय धरू नका. पाण्यावर चालणारा ऑइल कूलर आतून फुटला तरी ऑइल आणि पाणी एकत्र होतं. कूलर बदलणं हेड उतरवण्यापेक्षा फार सोपं आहे, म्हणून तो आधी प्रेशर टेस्ट करा.

हेड उतरवलंच, तर काय चुकतं?

सपाटपणा न मोजता नवीन गॅस्केट टाकणं, ही सगळ्यात महाग चूक. सरळ पट्टी हेडवर लांबीने, रुंदीने आणि दोन्ही कर्णांवर ठेवा आणि फिलर गेजने फट मोजा. बऱ्याच इंजिनांत मर्यादा ०.०५ ते ०.१ मिमीच्या दरम्यान असते. ब्लॉकची वरची बाजूही मोजा. हेडची प्रेशर टेस्ट करा. व्हॉल्वच्या मधल्या आणि प्रीचेंबरजवळच्या चिरा डोळ्यांना दिसत नाहीत. फेसिंग (हेड घासून सपाट करणं) किती करता येईल यालाही मर्यादा आहे, काही प्रीचेंबर हेड्सना तर ते अजिबात चालत नाही. काही डिझेल गॅस्केट वेगवेगळ्या जाडीची मिळतात, कडेच्या खाचांवरून जाडी ओळखतात, आणि पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो ते डायल गेजने मोजून ती निवडतात. चुकीची पातळ गॅस्केट टाकली तर पिस्टन व्हॉल्वला लागू शकतो. जाड टाकली तर कॉम्प्रेशन उतरतं आणि पांढरा धूर परत येतो. ताणून बसणारे बोल्ट असतील तर नवेच वापरा, आणि मॅन्युअलच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळा.

धूर आणि गरम होणं एकाच कारणाने होऊ शकतं का?

हो, आणि जुन्या पिकअपमध्ये हे फार वेळा दिसतं. पंप जास्त डिझेल देत असेल तर काळा धूरही येतो आणि हेडवर उष्णताही वाढते. रेडिएटर कितीही नवा टाका, चढावर काटा चढणारच. टायमिंग उशिरा असेल तर ज्वलन लांबतं, उष्णता चाकांना ढकलण्याऐवजी हेड आणि सायलेन्सरकडे जाते. लवकर असेल तर कडक ठोका येतो आणि इंजिनावर उष्णतेचा ताण वाढतो. पंप हलवण्याआधी त्याच्या आणि ब्रॅकेटच्या कडेवर छिन्नीने बारीक खूण करा, म्हणजे मूळ जागी परतता येईल. सायलेन्सर आतून कोसळून चोंदला तरी काळा धूर, ताकद कमी आणि उष्णता हे तिन्ही एकदम येतात.

वाटेत काटा लाल झाला तर?

पाणी गेलेलं नसेल तर रेस सोडून इंजिनावरचा लोड काढा, बाजूला थांबा, आतला हीटर पूर्ण चालू करा आणि इंजिन थोडा वेळ आयडलिंगला चालू ठेवा. वाफ निघत असेल किंवा पाणी सांडलं असेल, तर लगेच बंद करा. पाण्याशिवाय हेड काही मिनिटांत वाकतं. कॅप किमान ४५ मिनिटं उघडू नका, नंतरही जाड फडक्याने आधी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला चीर जाते. पाणी भरायचंच तर कोमट भरा, इंजिन चालू ठेवून, हळूहळू.

साधं पाणी चालेल का?

संकटात गाडी घरी आणण्यापुरतं चालेल. नंतर पूर्ण काढून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. कूलंटमधली रसायनं गंज आणि खार रोखतातच, पण ओल्या लायनरच्या (ज्यात सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट पाणी लागतं) डिझेल इंजिनात त्यांचं आणखी एक काम आहे. ज्वलनाच्या धक्क्याने लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या बाजूला सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि धातूला भोकं पडतात; ही झीज ती रसायनं रोखतात. अशा इंजिनासाठी हेवी-ड्युटी डिझेलचं कूलंटच घ्या. दोन वेगळ्या प्रकारांची मिसळ करू नका, जेलीसारखा गाळ होऊन रेडिएटर चोंदतो. ॲल्युमिनियम रेडिएटर असेल तर कॉस्टिक सोड्याने धुऊ नका, तो धातूच खातो.

इंजिन आपोआप रेस घेऊ लागलं, चावी बंद करूनही थांबत नाही!

इंजिन स्वतःचं ऑइल जाळून पळतंय, टर्बोच्या सीलमधून किंवा ब्रीदरमधून. मॅन्युअल गिअर असेल तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ते शक्य नसेल तर हवा बंद करा: इनटेकच्या तोंडावर जाड लाकडी फळी घट्ट दाबा, किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक आत सोडा. तळहात किंवा कापड वापरू नका. हाताला इजा होते आणि कापड आत ओढलं जातं. ते जमत नसेल तर दूर व्हा. डिपस्टिकवर ऑइल वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास असेल, तर ही वेळ येण्याआधीच गाडी उभी करा आणि लिफ्ट पंपाचा पडदा, पंपाचं शाफ्ट सील व थेंब टाकणारं नोझल तपासा, मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.